मामा कशावरून पडले?

येलदरी, ता. जिंतूर
९ फेब्रुवारी २०२५

निकिताबाई,

मामाचा आशीर्वाद घे आणि आधी एका सवालाचं उत्तर दे. तू पुण्यात नेमकं करतीस काय?

काल हाटेलावर भगवानराव भेटले. म्हणले, "बन्सीधर, तुझी भाची दवाखान्यात हाय म्हणं?" मी म्हणलं, दवाखान्यात न्हाई, पण काम दवाखान्याचंच. "मग नर्स?" न्हाई. "डॉक्टर?" न्हाई. "मग?" मी म्हणलं, कोडिंग. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणले, "असंल." ते "असंल" मला लय लागलं. छत्तीस वर्षं ह्या भागात टपाल वाटलं. कुणाचं लेकरू कुठं काय काम करतंय, मला तोंडपाठ. आणि आपल्याच भाचीचं सांगता येईना!

फोनवर सांगू नको. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करत काहीतरी चावत असतीस. कागदावर लिही, म्हणजे भगवानरावाला वाचून दाखवता येईल.

आमचं बरं चाललंय. गावातला महारुद्र पुण्याहून नोकरी सोडून आलाय. धरणाच्या पाण्याकाठी त्याचं रान हाय, तिथं त्यानं पाहुण्यांसाठी तंबू टाकलेत. हुरडा, पिठलं-भाकर, चटणी, पाण्याकडं तोंड करून खाट. मी तिथं पाहुण्यांना या-बसा म्हणायला जातो. फेटा बांधून. तुझी मामी म्हणती, घरी आलेल्याला कधी पाणी विचारलं न्हाई आणि तिथं या-बसा करतेत.

उत्तर दे.

तुझा मामा, बन्सीधर

*

पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

मामा, पाया पडते. आणि शपथेवर सांगते, हे लिहिताना काही खात नाहीये.

भगवानरावांना असं सांगा. अमेरिकेत माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर लिहून ठेवतो काय झालं, कसं झालं, काय केलं. ते लिहिलेलं आमच्याकडे येतं. मी ते वाचते आणि प्रत्येक गोष्टीला ठरलेला कोड देते. मोडलेल्या हाडाला एक कोड. ते कशानं मोडलं त्याला दुसरा. पायरीवरून पडला, वेगळा. झाडावरून पडला, वेगळा. पोपट चावला त्यालासुद्धा स्वतंत्र कोड आहे, खोटं वाटेल तुम्हाला. बदकानं धडक दिली तर तो आणखी वेगळा. ऑफिसात आम्ही डबा खाताना असले कोड एकमेकींना ऐकवतो. फोन मात्र आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून.

सध्या माझ्याकडे एकाच प्रकारच्या केसेस आहेत. तिकडे लोक चार जाड चाकांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या गाड्या घेऊन रानात जातात आणि झाडाला, दगडाला, नाहीतर एकमेकांना धडकतात. आता गंमत बघा. अपघात रस्त्यावर झाला की रानात, यावरून कोड बदलतो. चालवणारा होता की मागं बसलेला, यावरून पुन्हा बदलतो. आणि डॉक्टरनं हे लिहिलंच नसेल, तर मी आपल्या मनानं ठरवायचं नाही. कागदात अंगावर टायरची खूण असल्याचं लिहिलेलं असलं तरी नाही! डॉक्टरला प्रश्न पाठवायचा. त्यात उत्तरही सुचवायचं नाही, नुसतं विचारायचं.

तर मी विचारत बसते. एवढंच काम.

मामीला सांगा, तिच्या हातची शेंगांची चटणी संपून आठवडा झाला.

तुमची निकिता

*

येलदरी
२३ फेब्रुवारी २०२५

निकिताबाई,

तुझं पत्र हाटेलावर दोनदा वाचलं. भगवानरावाचा पोपटावर विश्वास बसंना. बदकावर तर भांडणच झालं.

पण खरी बात ऐक. तू लिहिलेली ती चार चाकांची गाडी इथं हाय! एक न्हाई, दोन! महारुद्रानं मागच्या महिन्यातच आणल्या. एक लाल, एक हिरवी. त्याच्या पडीक रानात पाहुणे त्याच्यावर बसून चकरा मारतेत आणि धुरळ्यानं वळखू येत न्हाईत. मीबी शिकलो. उजव्या अंगठ्याखाली एक खिटी हाय. ती दाबली की गाडी जायलीच. तुझ्या मामाला गंमत म्हणून चालवू देतो महारुद्र, पाहुणे नसले की.

परवा तुझी मामी माझा डबा घेऊन आली. मी मुद्दाम लाल गाडीवर एक चक्कर मारून दाखवली. ती बांधावर उभी राहून टक लावून बघत होती. डबा तसाच हातात. मला वाटलं, आता घरी गेल्यावर ह्या वयात हे शोभतं का म्हणून सुनावती. पण सुनावलं न्हाई. रातच्याला जेवताना एवढंच म्हणली, "अंगठ्यानं दाबायची व्हय?" मी म्हणलं, व्हय. मग गप.

रागात असंल. बायकांचा राग असा मागून येतो.

चटणी यष्टीच्या कंडक्टरकडं दिली तर जिंतूरलाच संपती, म्हणून पार्सल केलंय.

मामा

*

येलदरी
४ मार्च २०२५

निकिताबाई,

अक्षर बघून घाबरू नको. डाव्या हातानं लिहायलोय.

परवा इतवारी विहिरीच्या पायरीवरून पाय सटकला. उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. जिंतूरला दाखवलं, फोटो काढला, हात गळ्यात बांधून दिलाय. सहा आठवडे. दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडतो. तुझ्यासाठी मुद्दाम काढली. आपल्या मामाला कोणता कोड बसतो ते कळव, भगवानराव विचारायलेत.

बाकी काही न्हाई. उजव्या पोटरीला जरासा चटका हाय, तो चुलीचा म्हणून सांगितला. पोटावर डाव्या बाजूला बरगडीखाली एक गोल वळ उठलाय, बांगडीएवढा. तो काही डॉक्टरला दाखवला न्हाई, सदरा कोण वर करतंय. आणि गंमत बघ, मोडलंय उजवीकडं आणि ठणकतोय डावा खांदा. म्हातारपणात दुखणंबी पत्ता चुकतंय.

सोमवारी पालमला लग्न हाय, यष्टीनं जाणार. तुझी मामी दोन दिवस झाले बोलंना. काळजी करत असंल.

मामा

*

पुणे
७ मार्च २०२५

मामा,

पत्र आत्ता मिळालं. तुमचा कोड देता येत नाही. कागदावर लिहिलंय "पायरीवरून पडून", आणि तुमचं पत्र काहीतरी निराळंच सांगतंय. म्हणून ऑफिसात डॉक्टरला पाठवते तसे प्रश्न तुम्हाला पाठवते. उत्तर सुचवायचं नसतं, म्हणून नुसते विचारते.

एक. तुम्ही विहिरीच्या पायरीवर कशाला गेला होतात? विहिरीवर मोटर बसवून बारा वर्षं झाली.

दोन. डॉक्टरला चटका चुलीचा म्हणून सांगितला. मग तो खरा कशाचा?

तीन. बांगडीएवढा गोल वळ पोटावर कशानं उठला? पायरी गोल नसते.

चार. डावा खांदा

मामा, थांबा. चौथा प्रश्न लिहिताना माझा हात थांबला. हँडल पोटात घुसलेल्या निदान तीसेक माणसांचे कागद गेल्या महिन्यात मी वाचलेत. त्यातल्या कितीतरींत डॉक्टरनं लिहिलेलं असतं, डाव्या बरगडीखाली मार, आणि डावा खांदा दुखतो, खांद्याला काही लागलेलं नसताना. आणि त्याच्या पुढची ओळ काय असते ते मला पाठ आहे.

मी डॉक्टर नाही. पण पत्र पोचायला तीन दिवस लागतील, आणि तुम्ही सोमवारी यष्टीत बसणार.

मी मामीला फोन लावते.

*

परभणी, दवाखाना
१२ मार्च २०२५

निकिता बाळा,

तुजी मामी लिव्हायलीय. सातवीपर्यंत शिकलेली हाय मी, चुका काढू नको. तुजे मामा झोपलेत. बरं हाय आता. आधी ते सांगितलं, मग बाकीचं.

तुजा फोन आला तवा मी भाकरी टाकायले होते. तू म्हनलीस, "मामी, मामांना लागलं तेव्हा ते कशावर होते?" तू जर इचारलं असतंस, पायरीवर होते का, तर मी व्हय म्हनून मोकळी झाले असते. मला तसंच सांगून ठिवलं होतं. पन तू नुसतं इचारलंस, कशावर होते. तव्यावरली भाकर करपली तरी मला बोलता येईना. मग म्हनले, गाडीवर होते. आन दुसऱ्या गाडीवर मी होते.

तुला समदं सांगते.

त्या इतवारी पावने दुपारीच गेले. महारुद्र डिझेल आनायला जिंतूरला. मी डबा घिऊन गेले. तुजे मामा लाल गाडीवर चक्कर मारायले. मी म्हनले, मला बी चालवायचीय. ते हासले. मी म्हनले, हासू नका, राणीसावरगावला माज्या बापाची बैलगाडी मी हाकायचे. बाजारला, रानात, कुटंबी. नवी बैलं बी मीच जुपायचे. लगीन झालं आन कासरा हातातून गेला तो गेला. चाळीस वर्स मागं बसले. तुमच्या मागं, दिराच्या मागं, यष्टीत खिडकीला. एकदा मला म्होरं बसू द्या.

ते हासायचे थांबले. हिरव्या गाडीची चावी काडून दिली. म्हनले, हे दाबलं की जाती, हे दाबलं की थांबती.

निकिता, मी चालवली. पदर खोवला आन पार पान्याच्या काटापतूर गेले. वारं निस्तं तोंडावर. मी मोठ्यानं वरडले बी, बगळे उडाले. परत येताना तुजे मामा गाडी आडवी लावून "हळू, हळू" म्हनत उबे. मला थांबायचं होतं. पन हात घाबरला आन अंगठाच दाबला गेला. त्यांच्या गाडीच्या कुशीत माजी गाडी घुसली. त्यांचं पोट त्यांच्याच हँडलवर आपटलं आन ते पलीकडं पडले, उजव्या खांद्यावर. गरम नळी पोटरीला लागली.

पडल्या पडल्या काय म्हनले ठावं हाय? "तुला लागलं का?" मला खरचटलं बी नव्हतं. मग लगीच म्हनले, "पायरी. इहिरीची पायरी. कळलं का? गाडीचं नाव काडायचं न्हाई. महारुद्राला न इचारता चाव्या घेतल्या, त्येचा धंदा बसंल. पोलीस येतील. आन तुजं नाव कागदावर येईल, लोक हासतील."

म्हनून मी गप. दोन दिस न्हाई, पाच दिस गप. एकाच घरात त्यांच्या तोंडाकडं बगता येईना.

तुजा फोन ठिवला आन मी महारुद्राच्या दारात गेले. म्हनले, तुजी गाडी मी ठोकली, आता आमाला परभणीला ने. त्या लेकरानं लगीच जीप काडली. तुजे मामा वाटभर म्हनायले, काई झालं न्हाई, खामखा चाललाव.

सोनोग्राफी केली. पोटात डाव्या बरगडीखाली पानथरी असती, तिला चीर पडलेली हाय म्हनले. आत रगत साचलंय, थोडं. डॉक्टरसायब म्हनले, "काका, असंच यष्टीत बसला असता आन एखादा दणका बसला असता, तर लग्नाला पोचला नसता."

आपरेशन न्हाई लागलं. सपाट निजायचं, रोज सकाळी रगत तपासायचं. आता रगत टिकून हाय. दोन दिसात सोडतील.

आन एक. डॉक्टरसायबानं कागद घेतला आन इचारलं, कसं झालं? तुजे मामा म्हनले, "पायरी..." मी म्हनले, "सायब, पायरी न्हाई. धडक झाली. रानात, रस्त्यावर न्हाई. हे एक गाडी चालवत होते, दुसरी मी चालवत होते. लिव्हा." त्यांनी माज्याकडं बगितलं. मग लिव्हलं. मी म्हनले, वाचून दावा. त्यांनी वाचून दावलं. माजं पुरं नाव हाय, कमलबाई बन्सीधर, आन पुडं "चालक".

तुजे मामा तवापासून माज्याशी कमी बोलायलेत. मी बी म्हनले, राहू द्या.

तुजी मामी

*

पुणे
१६ मार्च २०२५

मामी,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून तिथल्याच बाकावर परत वाचलं.

चुका काढत नाही. एक मात्र सांगते. त्या दिवशी फोनवर तू गप्प राहिलीस ना, तेव्हा मला वाटलं फोन कट झाला. मी ठेवणारच होते. बोललीस, बरं झालं. मी लॉकरपाशी तुझ्याशी बोलून ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन शिस्तीत कामाला बसले. समोर केस होती एका सदुसष्ट वर्षांच्या, मामांच्याच वयाच्या माणसाची. नुसतं वय वाचलं आणि पुढचं दिसेना. मी रोज एवढे कागद वाचते, पण त्यातल्या कुणाच्या बायकोची भाकर करपली असेल असं आजवर कधी मनात आलं नव्हतं.

आता कामाचं. धडक म्हणून लिहिलं की दवाखाना पोलिसांना कळवतो. कुणीतरी जबाब घ्यायला येईल. घाबरू नका. डॉक्टरला जे सांगितलंस तेच सांगा, जसंच्या तसं. मामांना पायरीवर चढू देऊ नकोस.

मामांचा राग तुझ्यावर नाही, असं मला वाटतं. पण हे मी माझ्या मनानं ठरवतेय, तेव्हा तूच त्यांना विचार.

तुझी निकिता

*

येलदरी
३० मार्च २०२५

निकिताबाई,

आज पाडवा. गुढी तुझ्या मामीनं उभारली. मला काठीसुद्धा उचलायची बंदी हाय, मी नुसता खाली उभा राहून "वाकडी हाय, वाकडी हाय" म्हणत होतो. हात अजून गळ्यात हाय, पण कालपासून उजव्या हाताची बोटं मोकळी झालीत. म्हणून हे अक्षर.

तू मामीला लिहिलंस की मी रागात न्हाई. ते पत्र तिनं मला वाचायला दिलं. रागात न्हवतो. मला शरम वाटायली होती. दवाखान्यात रोज सकाळी रक्त घ्यायला नर्स यायची आणि कागद बघून म्हणायची, "काका, काकूंनी उडवलं व्हय तुमाला?" आणि सगळा वार्ड हासायचा. मला वाटायचं, बघ, हेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी बघितलं तर तुझी मामी त्यांच्यासोबत हासत होती. सगळ्यांत मोठ्यानं. मग मी कुणासाठी झाकत होतो, ते मलाच सांगता येईना. तिच्या नावासाठी म्हणत होतो, पण बायको आपल्याला धडकली हे सांगायची लाज माझीच होती.

आणि ती राणीसावरगावची बैलगाडी. मला ठावं होतं निकिता. लग्नाच्या वेळी तिच्या बापानं सांगितलं होतं, "पोरगी बैलं चांगली हाकती." मी तेव्हा काय म्हणलो असंल? "असंल."

आता जमादार आल्याची हकीकत सांगतो.

परवा सकाळी भागवत जमादार मोटारसायकलवर आले. मी त्यांच्या आईला पत्रं वाचून दाखवलेली, ते लहान होते तेव्हा. तरी वही काढून बसले, कायद्यानं. महारुद्रबी आला. त्याचं तोंड उतरलेलं. त्यानं आता चाव्या कुलपात ठेवल्यात आणि हेल्मेट आणलेत, पण धंदा बंद करतील का ह्याचा घोर त्याला होताच.

जमादार म्हणले, "कुठं झालं? रस्त्यावर का रानात?"

मी म्हणलं, "रानात. महारुद्राच्या पडीकात."

"चाव्या कुणी घेतल्या?"

"मी. न विचारता. पोराचा ह्याच्यात काही दोष न्हाई."

"बरं. चूक कुणाची?"

"माझी," मी म्हणलं.

"माझी," मामी म्हणली.

दोघंबी एकदमच बोललो. जमादारानं पेन वर धरला आणि एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मी म्हणलं, मी गाडी आडवी लावली होती. ती म्हणली, आडवी होती म्हणून काय झालं, अंगठा माझा होता. मी म्हणलं, थांबवायचं नीट शिकवलं न्हाई. ती म्हणली, शिकवलं होतं, मीच इसरले. चहा निवून गेला तरी आमचं मिटंना. शेवटी जमादार म्हणले, "तुमी दोघं एकमेकाच्या इरुद्ध तकरार देणार हाव का?" आमी म्हणलं, न्हाई. त्यांनी लिहिलं: शेतात, आपसात, तकरार न्हाई. मी डाव्या हातानं दस्तखत केलं, कारण उजवा गळ्यात. मामीनं सही केली. पुरं नाव, सावकाश, रेघ सोडून बाहेर न जाता. महारुद्रानं श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

वही मिटताना जमादारानं सहज विचारलं. वहीत लिहायचं म्हणून न्हाई, आपलं असंच.

"काकू, पण तुमाला गाडी चालवता येती का?"

तुझी मामी चहाच्या कपबशा उचलत होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, महारुद्राकडं बघितलं. तो आढ्याकडं बघायला लागला. तेव्हा मला ध्यानात आलं की मी घरात निजून असताना दुपारच्याला ती रोज "शेजारच्या सरजाबाईकडं जाऊन येते" म्हणत तासतासभर कुठं जात होती.

"त्या दिशी येत नव्हती," ती म्हणली. "आता येती."

मामा